अळंबी आधी उलटी करून बघा

लाकडावरची अळंबी ओळखायची तर रंगावर जाऊ नका. आमच्या राजापूरकडच्या पावसात रंग धुऊन निघतो, दोन दिवस उघडीप मिळाली की फिका पडतो. आधी ती उलटी करा. खाली पातळ पडदे आहेत की बारीक छिद्रं? की दोन्ही नाही, नुसता लिबलिबीत तपकिरी कान हाताला लागतोय? तो ऑरिक्युलेरिया. वर तपकिरी वलयं, खाली सूक्ष्म छिद्रं आणि देठाच्या तळाशी पिवळी चकती दिसली, तर बहुधा मायक्रोपोरस झँथोपस. कोळशासारखा कडक काळा गोळा सापडला तर सुरीने उभा कापा. आत एकात एक वलयं दिसली की डाल्डिनिया.

माझी सगळ्यात लाडकी मात्र शायझोफायलम कम्यून. आंब्याच्या वाळक्या फांदीवर नखाएवढे पांढुरके, लवदार पंखे असतात, कुणी ढुंकूनही बघत नाही. भिंगाखाली धरा. खालचा प्रत्येक पडदा मधोमध उभा चिरलेला दिसतो. हवा कोरडी झाली की चिरेच्या दोन्ही कडा बाहेर वळतात आणि बीजाणूंची बाजू झाकून घेतात. वाळलेला पंखा ओल्या फडक्यावर ठेवला की थोड्या वेळात पुन्हा उलगडायला लागतो. हे डोळ्यांनी बघताना मला दरवेळी तेवढाच आनंद होतो.

छत्रीवाली असेल तर बीजाणूंचा ठसा घ्यायलाच हवा. देठ कापायचा, छत्री पडदे खाली येतील अशी ठेवायची, वर वाटी झाकायची आणि रात्रभर हात लावायचा नाही. पुस्तकं कागदावर ठेवायला सांगतात, पण आषाढात आमच्याकडे कागद सर्द होतो, म्हणून मी काचेचा तुकडा वापरते. सकाळी काच आधी काळ्या आणि मग पांढऱ्या कापडावर धरली की पांढरा, गुलाबी, तपकिरी असा खरा रंग कळतो.

लाकूड कुठलं, हे वहीत लिहाच. साल गळून गेलेला ओंडका मला ओळखता येत नाही, तेव्हा मी मामंजींना विचारते. ते वास घेतात, कुऱ्हाडीने एक ढलपी काढतात आणि सांगतात, ‘किंजळ हा.’ कुजणंही बघा. लाकूड पांढुरकं, धाग्याधाग्यांचं झालं असेल तर बुरशीने लाकडाला कडकपणा देणारं लिग्निनही खाल्लंय. तपकिरी होऊन चौकोनी तुकड्यांत फुटत असेल तर लिग्निन मागे उरलंय. देवराईत पडलेलं झाड कुणी उचलत नाही, त्यामुळे हे सगळं एका जागी बघायला मिळतं.

शेजारच्या काकी दरवर्षी विचारतात, ‘हे खातात काय गो?’ मी नाही म्हणते. वारुळावरची अळंबी आपल्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, ती ओळख लाकडावर चालत नाही. गॅलेरिना मार्जिनाटा कुजक्या लाकडावरच उगवते आणि तिच्यातली अमॅटॉक्सिन नावाची विषं शिजवूनही जात नाहीत. त्रास सुरू व्हायला सहा तासांहून जास्त वेळ लागतो, पुढे यकृत निकामी होऊ शकतं. चांदीचा चमचा काळा पडतो का, किड्यांनी खाल्लीय का, या परीक्षांना काही अर्थ नाही.

बागायतदारांनी एक तरी नक्की ओळखायला शिकावी, ती गॅनोडर्मा. वर लाखेचा मुलामा दिल्यासारखी तांबूस चकाकी, कडेला पांढरी रेघ, खाली पांढरी छिद्रं. खालच्या बाजूला नखाने ओरखडा काढला की तिथे तपकिरी होते. माडाच्या बुडाशी ती दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. बुंध्यातून तांबूस-तपकिरी चिकट पाणी आधीच झिरपू लागतं, म्हणून नजर तिथे हवी. मेलेला माड नुसता तोडून भागत नाही. खुंट मुळांसकट काढावा लागतो, आणि आजारी माडाभोवती चर खणून शेजारच्या माडांची मुळं वेगळी करावी लागतात. नारळ पाडायला येणाऱ्यालाही यंदा मी सांगून ठेवलंय, वर चढायच्या आधी बुंधा बघ.