सुईवरचं की मागावरचं? लेडीज जॅकेट्स कस्टममधून सोडवतानाचा माझा अनुभव

"मॅडम, यातलं निटेड कोणतं आणि वोव्हन कोणतं?"

जहाज न्हावा शेव्याला लागायला नऊ दिवस उरले होते, तेव्हा माल कस्टममधून सोडवून देणाऱ्या आमच्या क्लिअरिंग एजंटांनी फोनवर हे विचारलं. चीनमधून मी थेट मागवलेला तो पहिलाच माल, गेल्या ऑक्टोबरातला. नौपाड्यात माझं लेडीज कपड्यांचं छोटं दुकान आहे. त्याआधी थंडीची जॅकेट्स मी मुंबईच्या होलसेलवाल्यांकडून घ्यायचे, त्यामुळे कस्टमशी कधी संबंधच आला नव्हता. इनव्हॉइसवर पुरवठादाराने चारही डिझाइन्ससमोर एकच ओळ लिहिली होती: लेडीज जॅकेट, १०० टक्के पॉलिस्टर, ६२०२. हा शेवटचा आकडा म्हणजे टॅरिफमधला, कस्टमच्या ड्युटीच्या दरपत्रकातला, त्या मालाचा कोड.

"त्यांनी लिहिलंय ना ६२०२," मी म्हटलं.

"त्यांनी काहीही लिहू दे. बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टमला द्यायचा आयातीचा कागद, तुमच्या नावाने जाणार. २०११ पासून वर्गीकरण आपणच करून द्यायचं असतं. चुकीचं निघालं तर फरकाची ड्युटी भरा, वर व्याज आणि दंड. मी या कागदावर फाइल करणार नाही."

तेव्हा मला राग आला होता. त्या माणसाने माझं केवढं नुकसान वाचवलं, ते मागाहून कळलं.

टॅरिफमध्ये तयार कपड्यांची मुख्य प्रकरणं दोन. ६१ निटेडचं, म्हणजे सुईवर फासे घालून केलेल्या कापडाचं; ६२ वोव्हनचं, म्हणजे मागावरच्या कापडाचं. आपल्या मराठीत इथेच पंचाईत होते, कारण आपण स्वेटरही विणतो आणि पैठणीही विणतो. कस्टमच्या लेखी मात्र ही दोन वेगळी घरं आहेत. कुरिअरने आलेले चारही नमुने घरी होते. ते मी सासूबाईंपुढे ठेवले. त्यांनी तीस वर्षं ब्लाउज शिवलेत.

त्यांनी फ्लीसच्या, म्हणजे मऊ लोकरीसारख्या कापडाच्या, जॅकेटची आतली शिवण थोडी उसवली, कडेचा धागा ओढला. कापड फासाफासाने सुटत गेलं. "अगं, हे सुईवरचं. होजियरी म्हणतात ना, तसलं. टाके दिसतायत बघ." मग पफरच्या, म्हणजे आत भरण घातलेल्या फुगीर जॅकेटच्या, आतल्या शिलाईपाशी भिंग धरलं. "आणि हे मागावरचं. उभा धागा, आडवा धागा."

म्हणजे फ्लीसचं जॅकेट ६२०२ मध्ये बसतच नव्हतं. जाड, टोपीवालं, गळ्यापर्यंत चेन, सगळ्या कपड्यांवरून थंडीसाठी घालायचं, म्हणून ते ६१०२ मध्ये, कृत्रिम धाग्याचं ६१०२ ३०. तेच पातळ आणि कार्डिगनसारखं असतं तर ६११० चा वाद निघाला असता, असं एजंट म्हणाले. पफर ६२०२ मध्येच राहिलं, पण ६२०२ ४० खाली. २०२२ मध्ये या शीर्षकाचे उपविभाग बदलले आणि पुरवठादार अजून जुनाच आठ आकडी कोड वापरत होता.

तिसरं ऑफिसला घालायचं ब्लेझर. ते पावसाथंडीपासून बचावासाठी नसतंच, त्यामुळे ६२०४. त्याच्या आतल्या लेबलवर ६५ टक्के पॉलिस्टर, ३३ व्हिस्कोस, २ स्पॅन्डेक्स होतं, इनव्हॉइसवर मात्र १०० टक्के पॉलिस्टर! वजनात जो धागा सगळ्यात जास्त, त्याच्या नावाने कपडा जातो, म्हणून ६२०४ ३३ हा सिंथेटिकचा कोड तसाही तोच येत होता. तरी एजंटांनी दुरुस्त इनव्हॉइस मागवायला लावलं. लेबल एक सांगतंय आणि कागद दुसरंच, हे तपासणीत पहिल्यांदा नजरेत येतं.

खरा वेळ खाल्ला तो चौथ्या डिझाइनने, स्कूटीवर घालायच्या विंडचीटरने. 'विंडचीटर' हा शब्द ६२०२ च्या शीर्षकात चक्क छापलेला आहे, त्यामुळे मी निर्धास्त होते. पण त्याच्या कापडाला आतून पॉलियुरेथेनचा थर होता. प्लास्टिकचा थर दिलेलं कापड ५९०३ मध्ये येतं आणि त्या कापडाचा मागावरचा कपडा ६२१० मध्ये. एकच कपडा ६२०२ मध्येही बसतोय आणि ६२१० मध्येही, असं झालं तर ६२१० घ्यायचं, असं प्रकरणाच्या टिपेतच लिहिलेलं आहे. अट एकच, थर उघड्या डोळ्यांनी दिसला पाहिजे. थरामुळे नुसता रंग बदललेला असेल तर तो धरत नाहीत.

हा नियम वाचून मी गॅलरीत उजेडाला गेले आणि नमुन्याची बाही सरळ कापली. कडेला धाग्यांपासून सुटलेला पातळ, चकचकीत पापुद्रा भिंगाशिवाय दिसत होता. त्याचा जवळून फोटो काढला, पुरवठादाराकडून कापडाचं स्पेसिफिकेशन मागवलं आणि आम्ही ६२१० ३० लिहिलं.

मूळ ड्युटी २० टक्के. त्या ड्युटीवर १० टक्के समाजकल्याण अधिभार, आणि मालाची किंमत धरून या सगळ्या बेरजेवर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या नगाला ५ टक्के, त्याहून महाग नगाला १८. माझे सगळे नग २,५०० च्या आतले. नुसत्या टक्क्यांनी धरलं तर पाच लाखांच्या मालावर १,००,००० अधिक १०,००० अधिक ३०,५००, म्हणजे १,४०,५०० रुपये. पण टॅरिफमध्ये कपड्यांच्या काही ओळींपुढे टक्क्यांबरोबर दर नगामागे ठरावीक रक्कमही असते आणि दोन्हींत जे जास्त ते भरावं लागतं. स्वस्त मालाला हे फार लागतं. कोड चुकला की हिशेब चुकतो तो इथे.

बिल ऑफ एंट्री जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरायचं असतं. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,००० रुपये. आमचं दोन दिवस आधी गेलं. हल्ली तपासणारा अधिकारी दुसऱ्या शहरात बसलेला असतो, माल आणि माणूस दोन्ही न बघता तो कागदांवरून ठरवतो. क्वेरी आलीच, आणि अपेक्षेप्रमाणे विंडचीटरवर: थराचा पुरावा द्या. बाहीचा फोटो आणि स्पेसिफिकेशन त्याच संध्याकाळी अपलोड केलं. वर्गीकरण मान्य झालं.

अडकलो ते भलतीकडेच. आयात कापडात घातक अ‍ॅझो रंग नाहीत, असं माल निघण्यापूर्वीचं प्रमाणपत्र लागतं. पुरवठादाराच्या प्रमाणपत्रात तीनच कापडं होती; ब्लेझर मी मागाहून ऑर्डरमध्ये घातलं होतं. मग नमुना प्रयोगशाळेत गेला आणि अहवाल येईपर्यंत सगळा माल द्रोणागिरीच्या बाजूला सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराजवळच्या कंटेनर गोदामात, पडून राहिला. रोज भाडं चढत होतं. दोनदा ठाण्याहून उरणच्या रस्त्याने ट्रेलरांच्या रांगेतून तिथे गेले, करण्यासारखं काहीच नव्हतं. ते भाडं ब्लेझरचा सगळा नफा घेऊन गेलं, आणि त्याची हळहळ मला आजही आहे.

अहवाल चांगला आला, आऊट ऑफ चार्ज, म्हणजे माल सोडायची कस्टमची परवानगी, मिळालं, टेम्पो रात्री साडेनऊला दुकानापाशी लागला. सासूबाई जाग्या होत्या. त्यांनी पहिला खोका उघडला, ब्लेझर काढून बटणं लावून बघितली. उजवी बाजू डावीवर. टॅरिफही बाईचा कपडा याच खुणेवरून ओळखतं, हे मी त्यांना सांगितलं.

"मग इतके दिवस मलाच विचारायचं होतं त्यांनी," त्या म्हणाल्या आणि दुसरा खोका पुढे ओढला.

पुढच्या ऑर्डरचा कागद मी आता मराठीत आधी लिहून काढते आणि मग पुरवठादाराला इंग्रजीत पाठवते: प्रत्येक डिझाइनचं कापड सुईवरचं की मागावरचं, धाग्यांचं वजनी प्रमाण, थर आहे का आणि कोणत्या बाजूला, अस्तर कशाचं, प्रमाणपत्रात कोणकोणती कापडं. उत्तरं आणि हातभर कापडाचा तुकडा आल्याशिवाय अ‍ॅडव्हान्स पाठवत नाही.