हेडफोन काढा आणि मग वाचा

लिहिणाऱ्या माणसाला कोणी ना कोणी विचारतंच, की काय गं, लिहिताना गाणी ऐकतेस का? उत्तर काहीही द्या, समोरचा एकतर "मला नाही बाई जमत" म्हणतो नाहीतर "मला त्याशिवाय जमतच नाही" म्हणतो आणि विषय संपतो. मला हा प्रश्नच अर्धवट वाटतो. ऐकता की नाही यापेक्षा कधी ऐकता हे जास्त महत्त्वाचं आहे, आणि त्याबाबतीत मी हट्टी आहे. कच्चा खर्डा लिहिताना काय हवं ते लावा, पण लिहिलेलं परत वाचताना सगळं बंद. पंख्याचा आवाज चालेल, सारंगी नाही.

का ते सांगते. गाणं फार उदार असतं. कानात मारवा राग चालू असेल ना, तर लाइट बिल वाचलं तरी गलबलून येतं. आपण एक साधासा परिच्छेद लिहितो, कोणीतरी कोणालातरी सोडून चाललंय वगैरे, आणि नेमकं त्याच वेळी कानात एक मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारा आवाज, अशी काही खाली येते की डोळे भरतात आणि आपल्याला वाटतं अरे वा, काय लिहून गेले मी! मार्क त्या मींडेचे असतात, खात्यावर जमा होतात आपल्या. वाचणाऱ्याकडे तुमचे हेडफोन नसतात, त्याच्यापर्यंत जातं ते फक्त "ती निघून गेली आणि तो बघत राहिला". सिनेमावाले हेच करतात पण उघड उघड करतात, पार्श्वसंगीत सिनेमासोबतच येतं, त्यात फसवणूक नाही. लेखाचं पार्श्वसंगीत मात्र लेखकाच्या घरीच राहतं.

आता शब्दांची गाणी. ही तर कच्च्या खर्ड्यालाही त्रास देतात, निदान मला तरी, आणि याचं कारण बरंच अभ्यासलं गेलंय. बॅडली आणि हिच या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली मांडलं की आपण जे तात्पुरतं डोक्यात धरून ठेवतो त्यात एक भाग बोलण्याच्या आवाजासाठी असतो, म्हणजे मनातल्या मनात शब्द घोळवायची जागा. वाक्य लिहायच्या आधी आपण ते तिथेच घोळवतो. पुढे सलामे आणि बॅडली यांनी प्रयोग केले, त्यात लोकांना डोळ्यांनी आकडे दाखवून लक्षात ठेवायला सांगितले आणि मागे आवाज लावले, तर गायलेल्या संगीतानं नुसत्या वाद्यसंगीतापेक्षा जास्त घोळ घातला. आणि गंमत म्हणजे भाषा कळत नसली तरी मागचं बोलणं आड येतंच. म्हणजे "मी कोरियन गाणी लावते, मला कुठे काय कळतंय" ही पळवाट पण फारशी चालत नाही. आता आकडे लक्षात ठेवणं म्हणजे काही ललित लिहिणं नव्हे हे मान्य, पण वाक्य मनात अर्धं जुळलंय आणि नेमका तेव्हाच गायक ध्रुवपदावर आला की काय होतं ते लिहिणाऱ्या प्रत्येकाला माहितीये.

(मोझार्ट ऐकलं की बुद्धी वाढते म्हणणाऱ्यांसाठी जाता जाता: १९९३ चा तो मूळ प्रयोग कॉलेजच्या मुलांवर केलेला होता, आकार आणि जागेच्या कोड्यांबद्दल होता आणि परिणाम दहा-पंधरा मिनिटांत उतरत होता. लेखनाचा तिथे काही संबंधच नव्हता.)

मग संगीताचा लिहिणाऱ्याला उपयोग काय? तर तो कान तयार होण्यात आहे, आणि ते काम लिहायच्या टेबलाच्या बाहेर होतं. उदाहरण दाखवते. हे बघा:

"खोली अंधारी होती. खिडकी बंद होती. टेबलावर एक वही उघडी पडलेली होती. तिच्यावर धूळ साचलेली होती."

व्याकरणात एक चूक नाही आणि तरी वाचवत नाही. मराठीत क्रियापद बहुतेक वेळा शेवटी येतं, त्यामुळे प्रत्येक वाक्य त्याच जागी जाऊन पडतं, होती होती होती. तीनतालात सोळा मात्रांनंतर सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, येतेच, ती टाळता येत नाही, पण चांगला गवई दरवेळी वेगळ्या वाटेनं समेवर येतो, कधी लवकर निघतो, कधी इतका रेंगाळतो की आता चुकणार असं वाटतं आणि मग अलगद येऊन टेकतो. तसं काही करता येतं का बघू:

"खोली अंधारी, खिडकी बंद. टेबलावर उघडी वही आणि तिच्यावर धूळ, बरीच."

चार "होती" गेल्या आणि "बरीच" शेवटी आल्यावर एक ठेका आला. हे फार भारी लेखन आहे असं माझं म्हणणं नाही, पण ही दुरुस्ती डोळ्यांना दिसत नाही, ती ऐकूच येते, आणि कानात दुसरंच काहीतरी वाजत असेल तर ऐकू येणार कशी? म्हणून मोठ्यानं वाचायचं. घरातले वेड्यात काढतात, काढू देत.

विलंबित ख्यालाकडूनही, म्हणजे संथ लयीत गायल्या जाणाऱ्या ख्यालाकडूनही, मी हेच घेते. बंदिशीचे शब्द म्हणजे दोन-चार ओळी, त्यावर माणूस अर्धा-पाऊण तास गातो. नवीन माहिती काहीच येत नाही आणि तरी आपण हलत नाही. आपल्याला लिहिताना दर परिच्छेदाला नवीन मुद्दा द्यायची केवढी घाई असते! एकच गोष्ट थोडी फिरवून परत सांगितली तर ते पाल्हाळ होतं की बढत, म्हणजे राग हळूहळू फुलवावा तशी वाढ, होते, हा फरक मला पुस्तकं वाचून नाही कळला, गाणं ऐकून थोडाफार कळला.

मोठ्या लेखकांमध्ये बघितलं तर याचे पुरावे ढिगानं आहेत. जपानी कादंबरीकार मुराकामी १९७४ पासून १९८१ पर्यंत जॅझचा बार चालवत होता आणि लिहिण्यातलं जवळजवळ सगळं संगीताकडून शिकलो असं तो सांगतो. आयरिश लेखक जेम्स जॉइस चांगला गाणारा होता, १९०४ साली डब्लिनच्या स्पर्धेत त्यानं समोर ठेवलेली अनोळखी स्वरलिपी वाचून गायला नकार दिला, म्हणून कांस्यपदकावर राहिला. आपल्याकडे पुलं, हार्मोनियम वाजवणारे, चाली लावणारे, आणि त्यांच्या विनोदात शेवटचा शब्द कुठे पडतो ते नीट बघा, तबलजीला दाद द्यावी तसं होतं. गदिमांनी तर १९५५ च्या एप्रिलपासून वर्षाहून थोडा जास्त काळ, आठवड्याला एक या हिशोबानं रेडिओसाठी गीतरामायण लिहिलं, छप्पन गाणी, आणि सुधीर फडके चाली लावत होते. ती नुसती वाचली तरी लय आतच असते, चाल नंतर येऊन बसते.

पण मग 'लोलिता' लिहिणारा नाबोकोव्ह येतो आणि माझी सगळी थिअरी मोडतो. त्याला संगीत म्हणजे कटकट वाटायची, स्वतःच तसं लिहून ठेवलंय त्यानं, आणि गद्य तर असं लिहायचा की वाक्यं जिभेवर घोळवत बसावीत. म्हणजे भाषेचा कान आणि सुरांचा कान हे एकच नाहीत, शेजारी असतील फारतर. त्याच्यासाठी मला अजून उत्तर सापडलेलं नाही आणि फार शोधतही नाहीये.

कच्च्या खर्ड्याला मी काय लावते हे मात्र विचारतात लोक. एकच वाद्यसंगीताचा तुकडा, लूपवर. चार-पाचदा वाजला की तो ऐकू यायचा बंद होतो आणि फक्त "आता कामाची वेळ" एवढंच सांगत राहतो. प्लेलिस्ट बनवायच्या भानगडीत पडू नका, सकाळ त्यातच जाते आणि वर काहीतरी लिहिल्यासारखं समाधान मिळतं. आणि याला फार आवडीचं संगीत कधीही लावायचं नाही. महिनाभर कामाला जुंपलं की ते पुढे गाणं म्हणून ऐकताच येत नाही, सुरू झालं की अर्धवट राहिलेली कथा आठवते आणि पोटात गोळा येतो. म्हणून मी मुद्दाम मध्यम आवडीचं निवडते. सध्या एक पियानोवाला सापडलाय, अगदी ठीकठाक वाजवतो, ना वाईट ना थोर. नाव सांगत नाही, बिचाऱ्याला वाईट वाटायचं.