मोहाला घातलेला वळसा

संध्याकाळी सव्वासातला जीपीएस यंत्रातला ट्रॅक, म्हणजे चालल्या वाटेची नोंद, कॉम्प्युटरवर उघडला, तेव्हा गावाचं जंगल भरलं १५८ हेक्टर. त्याच दिवशी सकाळपासून बेचाळीस माणसं त्या जंगलाच्या कडेनं आठ तासांहून जास्त चालली होती.

ही गोष्ट एप्रिल २०१३ची. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात एका छोट्या संस्थेत मी नकाशे करायचो. २००६च्या वनहक्क कायद्याखाली गावं सामूहिक वनसंसाधनाचे, म्हणजे परंपरेनं वापरत आलेल्या जंगलावरच्या गावाच्या हक्काचे, दावे भरत होती. याच जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) आणि मर्दा या गावांना २००९ साली असा हक्क मिळाला होता, त्यामुळे आजूबाजूच्या गावांनाही हुरूप आलेला. दाव्याच्या 'ग' नमुन्यात हद्दीचा नकाशा आणि लगतच्या गावांची नावं द्यावी लागतात. नकाशा जीपीएसनंच काढला पाहिजे अशी कायद्यात सक्ती नाही. उलट २०१२च्या सुधारित नियमांत स्पष्ट म्हटलंय, की उपग्रहाची चित्रं वगैरे तंत्रज्ञान इतर पुराव्याला जोड म्हणून चालेल, त्याची जागा घेणार नाही. पण टेबलापलीकडच्या साहेबाला हेक्टरचा आकडा लागतो. तो आकडा आम्ही काढून द्यायचो.

पद्धत साधी होती. वनहक्क समितीच्या एखाद्या शिकलेल्या पोराला अर्धा दिवस शिकवायचं, दोन पेन्सिल सेलवर चालणारं हातातलं जीपीएस यंत्र आणि चार जादा सेल द्यायचे. गाव शीव फिरून यायचं, यंत्र आमच्याकडे यायचं. त्या दिवशी समितीचा सचिव ते घेऊन आला, तेवीस-चोवीस वर्षांचा पोरगा, मोटरसायकलवर. मागे गावातला एक म्हातारा. त्याला सगळे काका म्हणत, मग मीही काकाच म्हणायला लागलो. डोक्याला पंचा, पायात टायरच्या चपला. दिवसभर चालून पुन्हा मोटरसायकलवर बसून आलेला माणूस, पण नकाशा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय झोपणार नाही म्हणाला.

दुसऱ्या दिवशी अकराला ग्रामसभा होती. लगतच्या तीन गावांची माणसं शिवेवर भेटून गेली होती, तीच उद्या सह्या करायला येणार होती. त्या तिन्ही गावांना पुन्हा एकदा उन्हात, तेही मोहाच्या दिवसांत, रानात बोलवायचं म्हणजे काय, हे तिकडे राहिलेल्यालाच कळेल. पहाटे मोह वेचायचा, दिवसा वाळवायचा, वर तेंदूचा हंगाम तोंडावर.

तर १५८ हेक्टर. आठ तासांच्या शिवेला हे फारच कमी. मी आधी नेहमीचा संशयित तपासला. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये थर अक्षांश-रेखांशाच्या अंशांमध्ये राहिला की क्षेत्रफळाचे भलतेच आकडे येतात. पण थर यूटीएम झोन ४४ उत्तर या मीटरच्या मापात नीट बदललेला होता. मग आकार पाहिला. एक बाजू नागमोडी आणि दुसरी फूटपट्टीनं मारावी तशी सरळ, चार किलोमीटर लांब.

काका माझ्या खांद्यावरून बघत होते. "हे आमचं रान नाही जी," ते म्हणाले. "एवढी सरळ रेघ कुठची? सकारी मुनाऱ्यापासून निघालो, बोडीच्या पाळीनं गेलो, मंग पहाडी चढलो. येच्यात पहाडी कुठी हाये?"

मी त्यांना समजावायला लागलो की नकाशात पहाडी दिसत नसते. हे आता लिहितानाही लाज वाटते. कारण त्यांनी दोनच मिनिटांत नाल्याचा एक वाक ओळखला, बोट ठेवलं आणि म्हणाले, "इथं आमी जेवलो." ते बोट रेघेच्या पहिल्या बिंदूवर होतं. म्हणजे रेघ सुरूच होत होती जेवणापासून. सकाळ कुठेच नव्हती. आणि ती सरळ बाजू म्हणजे रेषेचा बहुभुज करताना सॉफ्टवेअरनं शेवटचं टोक पहिल्याला आपणहून जोडून टाकलं होतं. ते बिचारं विचारत नाही, जोडतं.

फाइल नोटपॅडमध्ये उघडली. जीपीएक्स ही साधी मजकुराची फाइल असते, वाचता येते. मोजून ५०० बिंदू. प्रत्येकाला अक्षांश, रेखांश, उंची. वेळेची ओळ मात्र एकालाही नाही.

तेव्हा पोटात खड्डा पडला, कारण हा आकडा मला माहीत होता. आमच्या यंत्राच्या चालू नोंदीत, म्हणजे लॉगमध्ये, १०,००० बिंदू मावायचे. ती नोंद 'सेव्ह' केली की यंत्र तिची ५०० बिंदूंची काटछाट केलेली प्रत करायचं आणि वेळ गाळून टाकायचं. 'सेव्ह' म्हटल्यावर माणूस समजतो आहे तसं ठेवलं. ते ठेवत नव्हतं, गोषवारा करत होतं.

"मूळ लॉग आहे ना?" मी विचारलं.

सचिवानं खिशातून वही काढली. वहीत त्याच्या गोल अक्षरात माझंच शिकवणं लिहिलेलं होतं: घरी आल्यावर सेव्ह करणे. नंतर लॉग पुसणे, म्हणजे पुढच्या गावाला जागा राहील. "तुम्ही सांगितलं तसंच केलं, सर."

खरं होतं. मीच सांगितलं होतं. दर दहा मीटरला एक बिंदू या हिशेबानं सतरा-अठरा किलोमीटरची शीव पावणेदोन हजार बिंदूंत आटपते. ५०० झाले तरी आकार फारसा बिघडत नाही. साहेब कुरकुर करत नाहीत, कामं निघत होती. त्यामुळे मी कधी त्या सवयीकडे वळून पाहिलंच नव्हतं.

पण मग सकाळ गेली कुठे? यंत्राच्या सेटिंगमध्ये शिरलो. नोंदीची पद्धत 'अंतर' नव्हतीच, 'वेळ' होती. अंतराल एक सेकंद. आदल्या आठवड्यात आमचा एक सहकारी रस्त्यांची मोजणी करायला तेच यंत्र मोटरसायकलवर बांधून फिरला होता, त्याला दाट बिंदू हवे होते. परत देताना त्यानं सेटिंग जागेवर आणलं नाही आणि पुढे देताना मी पाहिलं नाही. हिशेब कागदावर मांडला. ही माणसं सकाळी ६:२०ला निघाली, दुपारी २:४०ला परत मुनाऱ्यापाशी, म्हणजे हद्दीच्या खुणेपाशी, पोचली. आठ तास वीस मिनिटं म्हणजे बरोबर ३०,००० सेकंद. जागा १०,०००ची. भरल्यावर जुनं पुसून नवं लिहायचं, हा पर्याय चालू. तेव्हा उरले शेवटचे दोन तास सेहेचाळीस मिनिटं चाळीस सेकंद, ११:५३ नंतरचे. जेवण आटपून उठता उठता. काकांचं बोट मिनिटाच्या हिशेबानं बरोबर होतं.

ऑफिसात काही वेळ कोणी बोललं नाही. पंखा फिरत होता. सचिव वही मिटून गुडघ्यावर ठेवून बसला होता आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघणं मला जमत नव्हतं.

मग तो सहकारी आठवला. मोटरसायकलवर दिवसभर दर सेकंदाला बिंदू घेतला तर १०,००० त्यालाही पुरले नसते. मग त्यानं काय केलं असेल? फोन लावला. तो म्हणाला, "अरे, मी कार्डावर टाकत होतो ना."

यंत्राचं मागचं झाकण फिरवून उघडलं, दोन्ही सेल बाहेर काढले. त्यांच्याखाली पत्र्याच्या बारीक कडीत नखाएवढं काळं कार्ड. ते यंत्रातच असायचं, पण त्यात नोंद लिहिण्याचा पर्याय आम्ही कधी चालू केलेला नव्हता. कडी सरकवताना माझा अंगठा घामानं दोनदा निसटला. कार्ड रीडरमध्ये घातलं. तारखांच्या नावाच्या पाच-सहा फाइली दिसल्या, त्यांत शेवटची २०१३०४१७, साडेतीन एमबीच्या आसपास. ज्या हातानं सेटिंग बिघडवलं होतं त्याच हातानं तो पर्यायही चालू ठेवला होता.

पहिला बिंदू वाचला: वेळ शून्य वाजून पन्नास मिनिटं. सचिव दचकला, "सर, रात्रीची कशी?" ती ग्रीनविचची. जीपीएक्समध्ये वेळ तशीच लिहिली जाते. साडेपाच तास मिळवले की ६:२०. काका म्हणाले, "होय जी, तवाच निघालो," आणि पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसले.

फाइल चार तुकड्यांत होती. सेल बदलताना यंत्र बंद झालं की तुकडा तुटतो, उपग्रह सुटले तरी तुटतो. एक तूट सेल बदलण्याची, दोन तुटी खोल नाल्यातल्या बांबूत. ते जोडून घेतले. मग पूर्ण रेघ पडद्यावर आली आणि काकांनी तिच्यावरून नखानं पुन्हा एकदा शीव चालून काढली. मुनारा, बोडी, पहाडी, ऐनाचं वाळलेलं झाड.

जेवणाच्या जागी रेघेचा भला मोठा गुंता झाला होता, लोकरीचा गुंडा मांजरानं विस्कटावा तसा. "हे का होय?" मी सांगितलं, तुम्ही बसलात, पण यंत्र दर सेकंदाला आपली जागा नव्यानं काढत होतं आणि दर वेळी पाच-दहा मीटर इकडे तिकडे चुकत होतं. झाडीखाली जास्तच. काका हसले. "मानसं बसली, पन येचं मन नाही बसलं."

आता साफसफाई. गुंता काढून तिथे एक बिंदू ठेवला. नाल्याजवळ एक सुळका होता: एका सेकंदात १८० मीटर उडी आणि पुढच्याच सेकंदाला परत. माणूस असा उडत नाही, तो पुसला. हे काम डोळे मिटून होतं. रात्रीचे साडेनऊ वाजत आले होते, उरकायचं होतं. पुढे पूर्वेच्या बाजूला एक फुगवटा दिसला. नाल्याच्या कडेनं जाणारी रेघ अचानक गावाच्या बाजूला आत शिरली होती, अडीचशे मीटर, आणि वळसा घेऊन पुन्हा नाल्यावर आलेली. टोपोशीटवर, म्हणजे सरकारी सर्वेक्षणाच्या नकाशावर, शीव नाल्यानंच जाते. (टोपोशीट ६४ डी, त्यातलं एव्हरेस्ट हे पृथ्वीचं जुनं मोजमाप आणि जीपीएसचं डब्ल्यूजीएस-८४ हे नवं, यांचा मेळ घातला नाही तर या भागात सगळं रान दीड-दोनशे मीटर सरकतं, पण तो मेळ मी घातलेला होता.) वाटलं, माणसं वाट चुकली असतील. फुगवटा निवडला, डिलीटवर बोट ठेवलं.

"ते कायले काढता?"

"काका, इथं शीव नाल्यानं आहे. तुम्ही आत शिरलात."

"शिरलो नाही जी. वळसा घातला. आतले मोह त्याह्यचे हायेत."

मग त्यांनी सांगितलं. आतमध्ये सात-आठ मोहाची झाडं आहेत. जमीन या गावाची, पण पलीकडच्या गावातली दोन-तीन घरं आजोबांच्या काळापासून ती वेचतात. त्यावरून मागे भांडणं झालेली. सकाळी त्या गावची माणसं नाल्यावर भेटली तेव्हा पाऊण तास बोलणी चालली आणि ठरलं, की मोह त्यांच्याकडे ठेवून शीव वळवायची. मग दोन्ही गावची माणसं मिळून झाडांना वळसा घालून चालली.

मी बिंदूंच्या वेळा पाहिल्या. वळशाच्या आधी नाल्याच्या काठावर एक गुंता, ८:२५ ते ९:१०. ती पाऊण तासाची बोलणी. मघाशी उगाचचा गुंता म्हणून मी तोही पुसून एक बिंदू केला होता. मग ९:१० ते ९:३१ वळसा: एकवीस मिनिटं, १,२६० बिंदू, दोन बिंदूंमध्ये अर्धा-पाऊण मीटर. उडी कुठेच नाही. हळू, झाडं दाखवत चाललेल्या माणसांची चाल. आणि मी तो फुगवटा चूक समजून सरळ करायला निघालो होतो. काका तिथे नसते तर १,२६० बिंदू एका कळीत गेले असते, नकाशा आणखी देखणा झाला असता आणि कोणाच्या लक्षातही आलं नसतं. सकाळपर्यंत.

फुगवटा ठेवला. तिथे 'मोह' असं लिहिलं. शिवेची लांबी भरली १७.३ किलोमीटर, क्षेत्र १,१४० हेक्टर. प्रिंट निघायला लागली आणि लाइट गेली. अकरानंतर आली. तोवर ते दोघे ऑफिसातच सतरंजीवर झोपले होते. काकांना उठवून नकाशा दाखवला. त्यांनी तो कंदिलाच्या सवयीनं ट्यूबलाइटजवळ नेऊन पाहिला, नखानं पूर्वेचा वळसा चाचपला आणि परत आडवे झाले.

सकाळी निघण्याआधी सचिवानं वही उघडली आणि 'लॉग पुसणे' ही ओळ खोडली. खाली लिहिलं: कार्ड. मग माझ्याकडे बघून विचारलं, "अजून काय लिहू, सर?" मी म्हटलं, निघण्याआधी सेटिंग पाहणे. ते माझ्यासाठीच लिही.

मी त्यांच्याबरोबर गेलो. आंब्याखाली ग्रामसभा भरली. पलीकडच्या गावचे तिघे आले होते. नकाशा पसरल्यावर त्यांच्यातल्या थोरल्यानं हेक्टर विचारले नाहीत, सूची पाहिली नाही. पूर्वेची बाजू कुठली, एवढं विचारलं आणि रेघेवरून बोट नेत नेत वळशापाशी आणून थांबवलं.

"हे मोह ना?"

"होय," काका म्हणाले.

त्यानं शाईचा पॅड मागितला.