लग्न झालं नव्हतं, म्हणून कुणी विचारलंच नाही

हॉजकिन्स, म्हणजे लिम्फ ग्रंथींचा कॅन्सर (लिम्फोमाचाच एक प्रकार), उलटला तेव्हा मी सव्वीसची. पहिल्या केमोनंतर पाळी चालू होती व्यवस्थित, पण दुसऱ्या वेळी हाय डोस केमो आणि बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं आणि गेली ती गेलीच. मावशी म्हणाली, बरं झालं गं, कटकट मिटली. कसली मिटते, रात्री अडीचला घामाने उशी चिंब, मग पहाटेपर्यंत झोप नाही, सकाळी गुडघे धरलेले, आणि हाडांचा डेक्सा स्कॅन बघून डॉक्टर म्हणाले हाडं साठीच्या बाईसारखी झालीयेत.

हे सगळं ओव्हरीत बनणारं इस्ट्रोजेन हार्मोन संपल्यामुळे. पण आपल्याकडे ओव्हरी म्हटलं की लोकांना फक्त मूल दिसतं.

आज पुन्हा बेल्जियमच्या एका बाईची केस वाचत बसले, ओव्हरीचे तुकडे गोठवून नंतर परत बसवल्याची. तिलाही हॉजकिन्सच. ब्रसेल्सला डॉ. जॅक डोनेझ यांच्या टीमने १९९७ साली केमोच्या आधी दुर्बिणीतून तिच्या ओव्हरीच्या वरच्या थराचे तुकडे काढून गोठवून ठेवले. बीजं असतात ती याच थरात, आणि गोठवताना तो जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा ठेवतात, मग उणे १९६ डिग्रीला लिक्विड नायट्रोजनमध्ये. २००३ मध्ये ते परत आत बसवले. अशा तुकड्याला सुरुवातीला रक्तपुरवठाच नसतो, नवीन रक्तवाहिन्या फुटेपर्यंत कितीतरी बीजं मरून जातात, उरतात त्यांच्यावर सगळी भिस्त. आणि पाच महिन्यांनी तिची पाळी सुरू झाली! २००४ ला मुलगी झाली, जगभर बातमी झाली ती तिचीच, पण मी मात्र त्या पाच महिन्यांपाशीच थांबते दर वेळी. गोळी नाही, पॅच नाही, स्वतःच्या शरीराने स्वतःचं हार्मोन बनवलं.

कायमचं नसतं हे मान्य, काही वर्षं चालतं, मग तुकडे शिल्लक असतील तर परत बसवता येतात. ल्युकेमिया असेल तर त्या तुकड्यातूनच कॅन्सरच्या पेशी परत जायची भीती, तिथे डॉक्टर सहसा नको म्हणतात. मी एचआरटीवर, म्हणजे बाहेरून हार्मोन घेण्याच्या उपचारावर आहे, फरक पडलाय, तक्रार त्याची नाहीये. ट्रान्सप्लांटच्या आधी मला हा पर्याय कुणी सांगितला नाही याची आहे. लग्न झालंय का एवढं विचारलं, नाही म्हटल्यावर विषय संपला, पुढचा फॉर्म.

संध्याकाळी ऑफिसातल्या एका ताईंचा फोन होता, त्यांच्या बावीस वर्षांच्या भाचीला लिम्फोमा, ट्रान्सप्लांट ठरलंय. म्हणाल्या, "अगं तिचं अजून लग्न कुठे झालंय, आत्ताच कशाला हे ओव्हरी गोठवणं?" मी म्हटलं ताई, लग्नाचं राहू द्या बाजूला, तिची हाडं, तिची झोप, तिचं हार्ट यासाठी विचारा, आणि केमो चढायच्या आधी विचारा, नंतर उपयोग नाही. कॅन्सरच्या डॉक्टरांनाच म्हणावं फर्टिलिटीवाल्यांकडे चिठ्ठी द्या. सोमवारी त्यांची ओपीडी आहे, मी सोबत जातेय.