आमची वाटचाल : पितळी पात्यापासून मरळीपर्यंत

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं छोटं शेड आहे. वडिलांच्या काळापासून काम प्रेस पार्टचं, म्हणजे पत्रा दाबून-कापून केलेल्या सुट्या भागांचं: वॉशर, क्लॅम्प, पंपाचे बारीकसारीक भाग. आज त्याच शेडच्या एका बाजूला गोड्या पाण्यातल्या मासेमारीचे स्पिनर, म्हणजे फिरत्या पात्याची धातूची आमिषं, बनतात आणि मंदीच्या महिन्यांत पगार त्या बाजूवरच निघतो.

गळाचा नाद असलेले आमचे एक जुने गिऱ्हाईक एकदा मेप्स कंपनीचा स्पिनर घेऊन आले. पातं वाकलेलं, तसंच नवं करून हवं होतं. फ्रान्समध्ये १९३८ पासून बनणारी ही वस्तू. बघायला अगदी साधी. मधे स्टीलची तार, तिच्यावर मणी आणि पितळी वजन, खाली तीन काट्यांचा गळ, वर कडीत अडकवलेलं पातं. ओढलं की पातं तारेभोवती फिरतं, चमकतं आणि पाण्यात थरथर उठवतं. गढूळ पाण्यात माशाला ती थरथर आधी कळते, चमक नंतर.

पातं करून दिलं, पण खरं काम पुढेच होतं. आपल्या नद्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांनी अडवलेल्या. पावसाळा संपून बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले की पंचगंगा, भोगावती, दूधगंगा जागोजागी तळ्यासारख्या तुंबतात. तिथे प्रवाहाची मदत नसते, स्पिनर हळू ओढावा लागतो आणि हळू ओढला की बरीच पाती फिरतच नाहीत, तारेला चिकटून नुसती येतात. म्हणून आम्ही ठरवलं, आपलं पातं हळू ओढीतही पहिल्या दोन वितींत फिरलंच पाहिजे.

लांबट पातं तारेला बिलगून फिरतं, त्याला वेग लागतो. गोलसर कोलोरॅडो पातं पसरून फिरतं आणि लवकर उचललं जातं. आमचं पातं गोलाकडे झुकणारं आहे. पत्रा जाड घेतला तर पातं सुस्त, पातळ घेतला तर मोठ्या माशाच्या एका झटक्यात वाकतं. डायमधली, म्हणजे पातं दाबून काढायच्या साच्यातली, वाटी किती खोल आणि भोक कडेपासून किती आत, यावर आमच्या डायमेकरने जीव ओतला. भोकाच्या कडेला नखाला जाणवेल इतकी बर (कापताना उरलेली खरबरीत कड) राहिली तरी कडी अडते. त्यामुळे जुळणीला बसणाऱ्या ताई प्रत्येक पातं बोटाने फिरवून बघतात, मग शेडमधल्या लांब टाकीत ओढून बघतात. फिरलं नाही की ते भंगारात जातं. वजनासाठी शिसं स्वस्त पडलं असतं, पण अडकून तुटलेला स्पिनर नदीतच राहतो आणि शिसं विषारी. म्हणून पितळच वापरतो.

चकाकी हुपरीने दिली. पैंजणांचं गाव, चांदीचा हात तिथल्या कारागिरांच्या घराघरात. चांदीचा मुलामा दिलेलं पातं संध्याकाळच्या मंद उजेडातही उठून दिसतं.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, पार्सलं अडकली. गिऱ्हाइकांनी पैसे परत मागितले नाहीत, हे आम्ही विसरलेलो नाही.

नवीन माणूस दुकानात आला की आम्ही आधी टाकायचं कसं ते सांगतो. थेट समोर मधोमध टाकू नका. मरळ काठच्या गवताला धरून असते, तेव्हा काठाला समांतर टाका. ती हवा घ्यायला वर येते, तिथलं पाणी हलतं, त्याच्या जरा पुढे टाका. पाण्याला लागताच एक हलका झटका द्या म्हणजे पातं सुरू होतं. शिवडा या दातेरी माशासाठी डोहात बुडू द्या, वेळ तिन्हीसांजेची. त्याचे दात तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) कापतात, पुढे स्टीलचा तुकडा हवाच. तंगूसाला पीळ पडू नये म्हणून स्विव्हल, म्हणजे फिरती कडी, लावा. आणि कृष्णाकाठी, भिलवडी-औदुंबरच्या बाजूला मगरी आहेत. कोरड्या काठावरूनच टाका, गुडघाभर पाण्यातही उतरू नका.

पाकिटात आम्ही एक कार्ड घालतो. तलाव किंवा धरण ज्या मच्छीमार संस्थेकडे ठेक्याने असेल तिची परवानगी घ्या. अभयारण्यात गळ नको. लालसर पिल्लांचा थवा वर दिसला तर खाली मरळीची जोडी राखणीला असते. तिथे टाकू नका, कारण आईबाप गेले की इतर मासे तासाभरात थवा फस्त करतात. महसीर लागला तर ओल्या हाताने सोडून द्या. यामुळे चार पाकिटं कमी खपली तरी आम्हाला चालेल. मासा उरला नाही तर आमची डाय काय कामाची?

सध्या एकेरी गळाचा नमुना चालू आहे. तीन काट्यांचा गळ केंदाळात अडकतो आणि माशाचं तोंडही फाडतो. एकेरी गळ काटा वर ठेवून बसवला तर गवतातून सुटून येतो, फक्त पात्याचा तोल बदलतो आणि वजन थोडं मागे सरकवावं लागतं. वारणेवर चाचण्या सुरू आहेत. बंधाऱ्यांचे बरगे घातले जातील तोवर सात आणि दहा ग्रॅमचे नमुने दुकानात येतील. जुनी गिऱ्हाइकं आपला तीन काट्यांचा स्पिनर घेऊन आली तर गळ आम्ही फुकट बदलून देऊ.