यमूचं केशवपन कुठे गेलं?

तुम्ही विचारलंत म्हणून, आणि पुन्हापुन्हा विचारता म्हणून, एकदा सविस्तर सांगते. माझ्या कादंबरीत हरिभाऊ आपट्यांची विधवा यमू आजच्या सांगलीत आणली, पण त्यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो?’मधलं तिचं केशवपन, म्हणजे विधवेचं डोकं भादरणं, गाळलं, म्हणजे कादंबरीचा कणाच काढला, असा तुमचा आक्षेप. गाळलेलं नाही. त्या जागी हक्कसोडपत्र आहे, म्हणजे मालमत्तेतला आपला हिस्सा सहहिस्सेदाराला सोडून दिल्याचा दस्त.

कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं सहज घेता आलं असतं. पण 2022च्या मेमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने विधवा प्रथांवर बंदीचा ठराव केला, पाठोपाठ शासनाचं परिपत्रकही निघालं. आता तो प्रसंग वाचणारा निर्धास्त असतो: ती माणसं वाईट, आपल्यात असलं नाही. माझे शंकरमामंजी, यमूच्या सासरचे वडीलधारे, अशा ठरावाला हात वर करतात. यमूला ‘कुंकू लाव गं’ म्हणतात. आणि जमीन मागतात.

केशवपनातून मला नेमकं काय उचलायचं होतं? वडीलधारे ठरवतात, हात बाहेरच्या कसबी माणसाचा असतो, तुझ्याच भल्याचं म्हणून सांगतात, आणि झालेलं मागे फिरत नाही. न्हाव्याच्या जागी दस्तलेखक बसला तो असा.

इथे कायदा नीट बघावा लागतो, नाहीतर अख्खं प्रकरण कोसळतं. नवऱ्याच्या हिश्श्याला वारस बायको, मुलं आणि आई, दीर नाही. म्हणून जमीन दिराबरोबर सामाईक खात्यात ठेवली, म्हणजे त्याच्या लाभात हक्क सोडता येतो. यमूला मूल दिलं नाही, कारण अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, वारसाच्या हिश्श्यासाठी न्यायालयाची परवानगी मध्ये येते आणि एका दुपारी काम उरकत नाही. तेराव्यालाच सही घेतली असती तर खोटं वाटलं असतं. आधी मृत्यूचा दाखला, मग वारस नोंदीचा अर्ज, मग फेरफारावर, म्हणजे जमिनीच्या नोंदीतल्या नावबदलावर, हरकतीचे 15 दिवस. तेवढे दिवस घरात सगळे तिच्याशी फार मायेने वागतात. ते प्रकरण मी सगळ्यात लांब लिहिलं, ‘रटाळ’ म्हणालात तरी. जबरदस्ती तिथेच होते.

दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधकाकडे फोटो निघतो, अंगठा यंत्रावर ठेवला जातो, राजीखुशीने देता का असं विचारतात. यमू ‘हो’ म्हणते. यावर तुमचा दुसरा प्रश्न: शिकलेली बाई, नाही का म्हणत नाही? मूळ कादंबरीत यमूच्या नवऱ्याने, रघुनाथरावांनी, बायकोला वाचनाची गोडी लावली. माझ्या रघुनाथाने हळदीच्या अडतीचे हिशेब तिच्या हाती दिले. तिला एकरी भाव ठाऊक आहे. आपण काय सोडतोय हे समजूनच ती अंगठा ठेवते. उद्या राहायचं कुठे, याचं उत्तर त्या खोलीत कुणाकडेच नसतं.

आता तुमच्या बाजूचंही मान्य करते. केस कापणं अंगावर होतं, कागद अंगावर होत नाही. पहिल्या खर्ड्यापासून हे मला छळतंय. तेव्हा मी स्वतःला सांगायचे की भूक हीही अंगावरचीच गोष्ट. आज तेवढ्याने माझं समाधान होत नाही. शिवाय फसवणूक किंवा दडपण कळल्यापासून 3 वर्षांत दावा लावून पत्र रद्द करून घेता येतं. मूळ यमूच्या केसांना तशी दाद नव्हती. पण दाव्यात तिच्यापुढे पहिल्यांदा ठेवला जाईल तो तिचाच ‘हो’. म्हणून दावा दाखल होतो तिथे कादंबरी थांबवली, निकाल लिहिला नाही.

निबंधक कचेरीचा प्रसंग मी बदलणार नाही. केशवपनाच्या तोडीचं, आजच्या सांगलीत खरोखर घडणारं आणि अंगावरचं दुसरं काही तुमच्या पाहण्यात असेल, तर मात्र सांगा.