सर्वांचा प्रिंटर

कार्यालयातला प्रिंटर सर्वांना वापरता यावा म्हणून तो यूएसबी केबलने कोणा एकाच्या संगणकाला जोडून तिथून ‘शेअर’ करण्याची पद्धत सोपी खरी. परंतु मग सगळ्या कार्यालयाची छपाई त्या एका संगणकाच्या मर्जीवर चालते. त्या टेबलावरचे गृहस्थ रजेवर गेले, किंवा जेवणाच्या सुट्टीत त्यांचा संगणक झोपी गेला, की इतरांच्या पडद्यावर ‘ऑफलाइन’ अशी पाटी झळकते. प्रिंटर मात्र समोर हिरवा दिवा लावून ठणठणीत उभा असतो. त्यातच 2021 साली विंडोजच्या प्रिंट स्पूलरमधली (छपाईची कामे रांगेत लावणाऱ्या भागातली) ‘प्रिंटनाइटमेअर’ ही त्रुटी उघड झाली आणि मायक्रोसॉफ्टने नियम इतके आवळले, की शेअर केलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर (संगणकाकडून प्रिंटर चालवून घेणारा प्रोग्रॅम) घ्यायलाही आता सहसा अॅडमिनिस्ट्रेटरचीच परवानगी लागते.

मला विचाराल तर प्रिंटर सरळ नेटवर्कलाच जोडावा. अर्थात, खरी मेख तिथून पुढे आहे. राउटर डीएचसीपीने, म्हणजे आपोआप पत्ते वाटण्याच्या पद्धतीने, देतो तो आयपी पत्ता (यंत्राचा नेटवर्कवरचा क्रमांक) मुदतीचा असतो. मोठ्या सुट्टीत प्रिंटर बंद राहिला, की परतल्यावर त्याला दुसराच पत्ता मिळू शकतो, आणि संगणक बिचारे जुन्याच पत्त्यावर कागद धाडत बसतात. त्यासाठी प्रिंटरच्या मॅक अॅड्रेसवरून (यंत्राच्या कायमच्या ओळखक्रमांकावरून) राउटरमध्ये एक पत्ता त्याच्या नावे राखून ठेवावा आणि प्रत्येक संगणकावर त्याच पत्त्याचा टीसीपी/आयपी पोर्ट (नेटवर्कवरून प्रिंटरकडे जाणारी वाट) तयार करावा. बहुतेक प्रिंटर 9100 क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे त्या क्रमांकाच्या दारावर, ऐकत असतात, त्यामुळे तिथे फारसे डोके लढवावे लागत नाही.

‘टेस्ट पेज’ झकास आले म्हणून लगेच पाठ फिरवू नये. ड्रायव्हरमध्ये कागद ‘लेटर’ या अमेरिकी मापाचा राहिला असेल, तर ट्रेमध्ये 210 × 297 मिलिमीटरचा ए4 भरलेला असूनही प्रिंटर 216 × 279चा कागद मागत अडून बसतो. पाठवणाऱ्याला याचा पत्ता नसतो. तो पुन्हा पुन्हा ‘प्रिंट’ दाबतो, रांग वाढत जाते, आणि कोणी जाणत्याने ए4 निवडून आपले एक पान मिळवावे म्हटले, तर तेही त्या अडलेल्या कामामागे खोळंबून राहते. अशा वेळी प्रिंटर बंद-चालू करणे व्यर्थ, कारण रांग प्रिंटरमध्ये नसून पाठवणाऱ्याच्या संगणकाच्या स्पूलरमध्ये असते. अडलेली कामे तिथूनच रद्द करावी लागतात.